माणूस गेला आणि चालक सकाळी घरी. जामिनाचं हे गणित कुणी समजावून सांगेल का?

आभा_स | ३ डिसेंबर, २२:१८

इथे मी बहुतेक वाचनमात्र असते. आज लिहायची वेळ आली ती नको त्या कारणाने.

अकरा दिवसांपूर्वी माझा आतेभाऊ अपघातात गेला. वय ३१. सेकंड शिफ्ट संपवून रात्री पावणेबाराच्या सुमाराला स्कूटरवरून घरी येत होता. मागून आलेल्या गाडीने उडवलं. गाडी पुढे दुभाजकावर चढून अडकली म्हणून चालक जागेवर सापडला. टपरीवाल्यांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं. हे ऐकीव नाही, दोघांनी पोलिसांना तसा जबाब दिला आहे.

दुपारी दोनला आम्हाला बॉडी ताब्यात मिळाली. तो माणूस सकाळी साडेदहालाच जामिनावर घरी गेला होता. आत्या परत परत एकच विचारते, "एक रात्र तरी आत ठेवला होता ना गं त्याला?" मी काहीतरी पुटपुटते.

एफआयआरवर भारतीय न्याय संहितेची कलमं १०६(१) आणि २८१ आहेत, मोटार वाहन कायद्याची १८४ आणि १८५. मला यातलं काही कळत नाही. इतक्या लगेच जामीन कसा मिळतो? यात शिक्षा होते तरी किती? आणि आम्ही घरच्यांनी काय करायचं असतं, की नुसतं बघत बसायचं?

---

रांगडा_गडी | ३ डिसेंबर, २२:३१

ताई, वाचून हात थरथरतायत. असल्यांना त्याच रस्त्यावर त्याच गाडीखाली घातलं पाहिजे. जामीन कसला देता!

---

खडूस_काका | ३ डिसेंबर, २२:५०

निबंध लिहायला लावला का तीनशे शब्दांचा? नसेल तर अन्याय झाला म्हणायचा त्याच्यावर.

---

नदीकाठ | ३ डिसेंबर, २२:५५

काका, धागा कुणी आणि कशासाठी काढलाय ते बघून लिहा हो.

---

खडूस_काका | ३ डिसेंबर, २३:०४

चुकलं. आभाताई, माफ करा. राग आला की मला विनोदच सुचतो, जुनी खोड आहे. पुण्याच्या कल्याणीनगरात राहतो मी. १९ मे २०२४ च्या पहाटे इथे १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोघं गेले आणि त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हापासून 'निबंध' हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरतात.

---

फौजदारी_फाटा | ४ डिसेंबर, ००:४७

आभाताई, मनापासून सहवेदना. जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं करून मला बावीस वर्षं झाली, आणि दोन्ही बाजूंनी केली आहेत. म्हणजे अशा चालकांचे जामीनही मी करून दिलेत. हे आधीच सांगतो, नंतर कुणी उकरून काढायला नको.

आत्याबाईंना खरं उत्तर द्यायचं तर, त्याला रात्री ठाण्यात बसवलं असेल, पण १०६(१) मध्ये जामीन नाकारायची सोयच नाही. ते जामीनपात्र कलम आहे. आरोपी जामीनदार उभा करायला तयार असेल तर ठाणे अंमलदाराला सोडावंच लागतं. नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी कामकाजाचा नवा कायदा) कलम ४७८, जुन्या सीआरपीसीचं ४३६. इथे साहेबाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही, तो आरोपीचा हक्क आहे. १८५ चंही तेच. त्यामुळे "पोलिसांनी पैसे खाऊन सोडला" असं लगेच धरून चालू नका. खाल्ले असतील तर ते जामिनात नाही, दुसरीकडे दिसेल. त्यावर पुढे येतो.

शिक्षा. जुन्या भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) ३०४-अ मध्ये जास्तीत जास्त २ वर्षं होती. १ जुलै २०२४ पासून त्या जागी १०६(१) आलं, त्यात ५ वर्षांपर्यंत. किमान काही नाही, म्हणजे कोर्टाने सहा महिने दिले तरी कायद्यात बसतं. दारूचं वेगळं कलम १८५, त्यात पहिल्या खेपेला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत किंवा १५,०००. सप्टेंबर २०१९ च्या आधी पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० होता, त्या मानाने ही प्रगतीच म्हणायची.

आता खरी गोष्ट. तुमचा सगळा खटला एका आकड्यावर उभा आहे: १०६ की १०५. १०५ म्हणजे सदोष मनुष्यवध, जुनं ३०४. "माझ्या हातून बेपर्वाई झाली" हे १०६. "माझ्या या वागण्याने माणूस मरू शकतो हे मला ठाऊक होतं आणि तरी मी केलं" हे १०५ चा दुसरा भाग. त्यात १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ते अजामीनपात्र आहे आणि खटला सत्र न्यायालयात चालतो. पोलीस पहिल्या रात्री जे कलम लावतात त्यावर जामीन ठरतो, पण ते कलम काही दगडावरची रेघ नव्हे. तपासात वाढवता येतं.

उद्या सविस्तर लिहितो. तोवर एक काम करा. त्या रस्त्यावरची दुकानं, पेट्रोल पंप, एटीएम, जिथे जिथे कॅमेरा दिसेल त्यांची यादी करून तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की हे फुटेज जप्त करा. आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा. बहुतेक यंत्रं काही दिवसांनी जुनं पुसून त्यावरच नवं रेकॉर्ड करतात. अकरा दिवस गेलेत. उद्या सकाळी जा.

---

शंकासुर | ४ डिसेंबर, ०९:१२

मग दारू पिऊन मारलं की सरसकट १०५ का लावत नाहीत? प्यायलेल्या माणसाला गाडी चालवली तर काय होतं हे ठाऊक नसतं असं कोण म्हणेल? आणि पळून गेला तर १० वर्षं असा नवा कायदा आलाय ना? व्हॉट्सॲपवर फिरत होतं.

---

फौजदारी_फाटा | ४ डिसेंबर, २१:३०

पळून जाण्याचं आधी संपवतो. ते १०६(२). जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला, पंपांवर रांगा लागल्या, आठवत असेल. त्यानंतर संहिता लागू झाली ती तेवढं पोटकलम वगळून. व्हॉट्सॲप त्याच्या पुढे गेलंय, कायदा मागे आहे.

सरसकट १०५ का नाही, याचा इतिहास आपल्या मुंबईतच आहे. १२ नोव्हेंबर २००६, वांद्र्याचा कार्टर रोड. फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण मेले, आठ जखमी. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल. सत्र न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये ३०४-अ धरलं आणि शिक्षा दिली सहा महिने. सात माणसं, सहा महिने. आरडाओरडा झाला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ३०४ भाग दोन लावून ३ वर्षं केली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ते कायम केलं. ॲलिस्टर परेरा खटला म्हणतात त्याला. दारू पिऊन, बेफाम वेगात, जिथे माणसं झोपलेली असतात अशा रस्त्यावर गाडी घालणाऱ्याला परिणामाची जाणीव होती असं धरता येतं, हे तिथे पक्कं झालं. आज कुठलाही सरकारी वकील १०५ मागताना पहिला हाच निकाल पुढे करतो.

पण त्यातली मेख बघा. नुसती दारू पुरत नाही. दारू, वेग, उलटी दिशा, तोडलेला सिग्नल, "तू चालवू नकोस" म्हणून अडवणारा मित्र, हे सगळं गोळा करून 'जाणीव' उभी करावी लागते. कोर्ट माणसाच्या डोक्यात शिरू शकत नाही, त्यामुळे भोवतालच्या गोष्टींवरून ठरवतं. "नशेत मला काही कळत नव्हतं" हा बचाव मात्र चालत नाही. आपण होऊन प्यायलेल्या माणसाला शुद्धीत असल्याइतकीच जाणीव होती असं कायदा धरतो, न्याय संहितेचं २४, भादंविचं ८६.

दुसरा, दिल्लीचा बीएमडब्ल्यू खटला, संजीव नंदा. १० जानेवारी १९९९, सहा मृत्यू, त्यात तीन पोलीस. खालच्या कोर्टात ५ वर्षं, उच्च न्यायालयात ३०४-अ खाली २ वर्षं, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम परत ३०४ भाग दोन केलं पण शिक्षा भोगली तेवढीच ठेवली. वर ५० लाख रुपये भरायला सांगितले आणि दोन वर्षं समाजसेवा. म्हणजे कलम जिंकलं, वर्षं तीच राहिली. आमच्या बार रूममध्ये यावर अजून भांडणं होतात.

आणि तिसरा तुम्हा सगळ्यांना माहीत असलेला, २००२ चा वांद्र्याच्या बेकरीसमोरचा, सलमान खानचा. २०१५ च्या मे महिन्यात सत्र न्यायालयाने ५ वर्षं दिली, डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. दारू आणि चालक, दोन्ही गोष्टी संशयापलीकडे सिद्ध झाल्या नाहीत असं म्हणून. तेरा वर्षं गेली होती मध्ये.

यावरून मला जे दिसतं ते सांगतो, पटलं तर घ्या. लोकांचा सगळा राग पहिल्या आठवड्यात जामिनावर खर्च होतो. खटला मरतो तो पहिल्या सहा तासांत, रक्ताच्या बाटलीपाशी, किंवा चौथ्या वर्षी, साक्षीदार फितूर होतो तेव्हा. त्या दोन्ही वेळी तिथे कुणी नसतं.

---

रांगडा_गडी | ४ डिसेंबर, २१:५८

म्हणजे वकीलसाहेब, तुमच्या मते जामीन मिळाला ते बरोबरच झालं?

---

सावध_पांथस्थ | ४ डिसेंबर, २२:२०

मी सांगतो. माझा चुलतभाऊ टेम्पो चालवतो. दारूचा थेंब घेत नाही, माळकरी आहे. काही वर्षांपूर्वी समोरून चुकीच्या बाजूने आलेला दुचाकीवाला त्याच्या टेम्पोवर आदळून गेला. जमावाने भावाचे दोन दात पाडले. कलम हेच, जामीनपात्र, जामीन हक्काचा. पण हक्काच्या जामिनालाही जामीनदार लागतो, ऐपतीचा दाखला लागतो. परक्या जिल्ह्यात त्याला कोण ओळखतं? नऊ दिवस आत होता. पुढे निर्दोष सुटला.

तेव्हा "जामीन कसला देता" म्हणताना एवढं ध्यानात ठेवा की जामीन अवघड केला की आत माझा भाऊ बसतो. ज्यांच्यावर तुम्ही चिडलात त्यांचा वकील कोर्टाची पायरी चढायच्या आत कागद तयार ठेवतो.

---

फौजदारी_फाटा | ४ डिसेंबर, २२:४१

पांथस्थ, अगदी. अशा माणसाला आठवड्याभरात जामीनदार मिळाला नाही तर नुसत्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडा असं त्याच ४७८ मध्ये लिहिलंय. वाचतं कोण.

रांगडे, बरोबर-चूक नंतर. खटला संपण्याआधी आत ठेवणं ही शिक्षा नसते. पळून जाईल का, पुरावा बिघडवेल का, साक्षीदारांना धमकावेल का, एवढंच बघायचं असतं. अजामीनपात्र गुन्ह्यातही.

---

डॉ_निशिगंध | ५ डिसेंबर, ००:१५

रक्ताच्या बाटलीचा विषय निघाला म्हणून लिहिते. सहा वर्षं कॅज्युअल्टीत काढली आहेत, असले नमुने शेकड्यांनी घेतलेत.

पोलीस रात्री आरोपीला घेऊन येतात, सोबत यादी पत्र, म्हणजे तपासणी करा असं पोलिसांचं पत्र, असतं. डॉक्टरने तपासून लिहायचं: वास, बोलणं, चाल, बाहुल्या. मग रक्त. इथेच गोंधळ होतात. सुई टोचायच्या आधी त्वचा स्पिरिटने पुसायची नसते, नाहीतर बचावाचा वकील विचारतो की अल्कोहोल रक्तातलं की कापसावरचं? बाटलीत सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट लागतं, नाहीतर नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आतलं प्रमाण बदलतं. सील, लेबल, आरोपीची सही किंवा अंगठा, आणि वेळ. वेळ तर मिनिटासकट.

कारण शरीर थांबत नाही. यकृत दर तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम प्रति १०० मिली या वेगाने अल्कोहोल काढून टाकत असतं. कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम. म्हणजे अपघाताच्या वेळी ९० असलेला माणूस चार-पाच तास इकडेतिकडे फिरवला की अहवालात सुटू शकतो. वरळीला जुलै २०२४ मध्ये गाडीखाली एक महिला गेली, त्या प्रकरणात आरोपी दोन दिवसांनी सापडला. दोन दिवसांनी रक्तात काय मिळणार?

आभा, तुमच्याकडे रक्त किती वाजता घेतलं ते शोधा. वैद्यकीय प्रमाणपत्रावर असतं.

---

शंकासुर | ५ डिसेंबर, ०८:४०

दोन तासांत घ्यावं लागतं ना? तीन तासांनी घेतलं तर बाद?

---

फौजदारी_फाटा | ५ डिसेंबर, १०:०५

कोर्टाच्या आवारातून मोबाइलवर लिहितोय, थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या २०२ मध्ये दोन तास आहेत ते अटकेपासून, अपघातापासून नव्हेत. आणि उशीर झाला म्हणून अहवाल आपोआप बाद होत नाही, फक्त बचावाला खेळायला मैदान मिळतं. उलट निव्वळ "तोंडाला वास येत होता" यावर विसंबू नका. वास, डोळ्यांच्या बाहुल्या, अडखळती चाल एवढ्यावर दारू सिद्ध होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच म्हटलंय. टपरीवाल्यांचे जबाब हवेतच, पण बाटलीचा अहवाल जास्त हवा. पुण्याच्या त्या प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून दोन डॉक्टरांना अटक झाली. एवढी जोखीम कुणी घेईल का, जर त्या बाटलीची किंमत नसती?

---

खडूस_काका | ५ डिसेंबर, १३:२२

आता गंभीरपणे विचारतो. पुण्याचा मुलगा १७ चा होता. त्याला मोठ्यांसारखा चालवा म्हणून आम्ही मेणबत्त्या घेऊन उभे होतो. त्याचं झालं काय?

---

फौजदारी_फाटा | ५ डिसेंबर, २१:१५

बाल न्याय मंडळाने पंधरा-एक तासांत जामीन दिला, बोंबाबोंब झाल्यावर २२ मे ला निरीक्षणगृहात पाठवलं, आणि २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की जामीन रद्द न करता त्याला पुन्हा आत ठेवणं बेकायदा आहे, सोडा. कायद्याने बघितलं तर निकाल चूक नव्हता. गर्दीला बरं वाटावं म्हणून घाईने केलेली कृती वर टिकत नाही, एवढं त्यातून दिसलं.

मोठ्यांसारखा चालवायला गुन्हा 'निर्घृण' वर्गात बसावा लागतो, म्हणजे किमान शिक्षा ७ वर्षं किंवा जास्त असलेला. सदोष मनुष्यवधाला कमाल मोठी आहे, पण किमान सात वर्षं नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात हे स्पष्ट केलं, आणि गंमत म्हणा वा दैवदुर्विलास, तो खटलाही दिल्लीतल्या एका अल्पवयीनाने मर्सिडीजखाली माणूस मारल्याचाच होता. जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या मंडळाने पोलिसांची मागणी फेटाळली. मेणबत्त्या उभ्या राहायच्या चार वर्षं आधीच उत्तर छापून आलेलं होतं, काका.

मूल चालवत असेल तर पालकाला किंवा गाडीमालकाला मोटार वाहन कायद्याच्या १९९-अ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड आहे. त्यावर मेणबत्त्या लावल्या असत्या तर जास्त उपयोग झाला असता.

---

तोक्योकर | ६ डिसेंबर, ०५:५०

इकडचं थोडं. जपानमध्ये १९९९ साली तोमेई महामार्गावर दारू प्यायलेल्या ट्रकचालकाने एक गाडी मागून ठोकली, दोन लहान बहिणी जळून गेल्या. चालकाला चार वर्षं. आईवडिलांनी सह्यांची मोहीम चालवली आणि २००१ मध्ये 'धोकादायक चालवून मृत्यू' हा वेगळाच गुन्हा तयार झाला. आज त्याला २० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. २००७ पासून तर चालकाला दारू पाजणारा, गाडी देणारा आणि शेजारी बसलेला, तिघेही कायद्याच्या कचाट्यात. ऑफिसच्या पार्टीत कुणी गाडी घेऊन आला असेल तर त्याच्या ग्लासात ओतायला कुणी धजत नाही.

---

रांगडा_गडी | ६ डिसेंबर, ०८:०२

हे आपल्याकडे आणा की. शेजारी बसलेल्यालाही आत टाका.

---

नदीकाठ | ६ डिसेंबर, ०८:३३

आपल्याकडे मागे बसलेला हेल्मेट घालत नाही, आणि म्हणे शेजारच्याला आत टाका.

---

सावध_पांथस्थ | ६ डिसेंबर, ०८:४५

रांगडे, तुम्ही स्वतः गेल्या वर्षी गटगच्या (गेट-टुगेदरच्या) वृत्तांतात लिहिलं होतं, "दोन बिअरनी काय होतं, मीच सगळ्यांना घरी सोडलं." शोधून लिंक देऊ?

---

रांगडा_गडी | ६ डिसेंबर, ०९:३०

...

---

संपादक | ६ डिसेंबर, ०९:४१

वैयक्तिक रोख इथेच थांबवावा. धागा महत्त्वाचा आहे.

---

आभा_स | ९ डिसेंबर, २३:२०

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देत नाही, त्राण नाही.

फुटेजचा अर्ज दिला. एका पंपाचं मिळालं, दोन दुकानांचं पुसलं गेलं होतं. पंपाच्या कॅमेऱ्यात ती गाडी सिग्नल लाल असताना जाताना दिसते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर रक्त घेतल्याची वेळ ३:१० आहे, म्हणजे जवळजवळ साडेतीन तासांनी.

आज दुसरंच घडलं. त्या माणसाचे काका दोन जणांना घेऊन घरी आले. चप्पल बाहेर काढून, हात जोडून बसले. रडलेही. मग म्हणाले, मुलीच्या नावावर दहा लाख ठेवतो, तुम्ही फक्त आमची काही तक्रार नाही असं प्रतिज्ञापत्र द्या. आत्या काही बोलली नाही. वहिनी आत निघून गेली. आमचा मोठा काका म्हणतोय, घ्या, गेलेला काही परत येत नाही, पोर तीन वर्षांची आहे. मी भांडले त्याच्याशी. पण रात्री मला वाटलं, मी कोण भांडणारी? पोर माझी नाही.

---

दावा_दाखल | १० डिसेंबर, १०:१०

मी मोटार अपघात दाव्यांची कामं बघते. प्रतिज्ञापत्रावर सही करायच्या आधी हे वाचा.

नुकसानभरपाईचा दावा आणि फौजदारी खटला या दोन वेगळ्या वाटा आहेत. दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा न्यायाधिकरणात लावायचा. समजा भावाचा पगार महिना ३०,००० होता आणि नोकरी कायम होती. वर्षाचे ३,६०,०००. चाळिशीच्या आत असल्याने भविष्यातल्या वाढीचे ५० टक्के मिळवायचे: ५,४०,०००. पत्नी, मुलगी, आई अशा तीन अवलंबितांसाठी स्वतःचा खर्च एक तृतीयांश वजा: ३,६०,०००. वय ३१, म्हणून वयानुसार ठरलेला गुणक १६. होतात ५७,६०,०००. शिवाय सहवास गमावल्याचे वगैरे ठरलेले आकडे. हे मनाचं नाही, सर्वोच्च न्यायालयाचे २००९ आणि २०१७ चे निकाल आहेत, सरला वर्मा आणि प्रणय सेठी.

हे पैसे साधारणपणे विमा कंपनी देते. दारूचा मुद्दा काढून कंपनी हात वर करायला बघते, तेव्हा न्यायाधिकरणं बऱ्याचदा "आधी तुम्ही यांना द्या, मग गाडीमालकाकडून वसूल करा" असा हुकूम करतात. दहा लाख हा आकडा कुठून आला ते आता कळलं असेल.

---

फौजदारी_फाटा | १० डिसेंबर, २२:५०

दावाताईंनी नेमकं सांगितलं. मी एवढंच जोडतो. १०६ किंवा १०५ तडजोडीने मिटवता येणारे गुन्हे नाहीत. मग प्रतिज्ञापत्र कशाला हवंय? एक, गुन्हा रद्द करा म्हणून उच्च न्यायालयात जाताना हातात असावं म्हणून. दोन, उद्या १०५ लागलं तर जामिनाच्या वेळी दाखवायला. वहिनींनी ठरवलं तर तो त्यांचा निर्णय, मी कुणाला शहाणपण शिकवणार नाही. मी असल्या प्रतिज्ञापत्रांवर माणसांना सह्या करताना बघितलंय, त्यातल्या कित्येकांची चूल त्यावर पेटलीये. फक्त घाईत करू नका आणि कोऱ्या कागदावर तर मुळीच नको.

तुमच्या हातात लाल सिग्नलचं फुटेज आहे ही मोठी गोष्ट आहे. त्याला साक्ष अधिनियमाच्या ६३(४) चं, म्हणजे रेकॉर्डिंग खरं असल्याचं, प्रमाणपत्र पंपवाल्याकडून घेतलंय का ते तपास अधिकाऱ्याला विचारा, नाहीतर कोर्टात ते उभं राहत नाही. १०५ वाढवा असा लेखी अर्ज द्या, वरिष्ठांना प्रत. तो आधी कुठे प्यायला, बिल कुणी भरलं, निघताना कुणी अडवलं का, हे तपासा असंही त्यात लिहा. १०५ वाढलं की पोलिसांना कोर्टाकडून अटकेची परवानगी मागता येते, आणि तो अटकपूर्व जामिनाला धावेल. तिथे तुम्ही स्वतःचा वकील देऊन विरोध करू शकता. पीडिताच्या घरच्यांना जामिनाच्या वेळीही ऐकून घ्यायला हवं, हे २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय.

---

डॉ_निशिगंध | ११ डिसेंबर, ००:०५

३:१० चं रक्त असेल तर अहवालात जो आकडा येईल त्यात ३५ ते ७० मिळवा, अपघाताच्या वेळचा अंदाज मिळेल. कोर्टात हे गणित घासाघीस करून तपासतात, पण तुमच्या मनाला एक कल्पना यावी म्हणून सांगितलं.

---

आभा_स | १९ एप्रिल, २१:४४

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं म्हणून धागा वर काढते.

रक्ताचा अहवाल आला, ८४. डॉक्टर, तुमचं गणित मी कागदावर मांडून बघितलं. त्या रात्री निघताना हॉटेलच्या रखवालदाराने "साहेब, ड्रायव्हर बोलावू का" असं विचारल्याचा जबाबही तपासात मिळाला. दोषारोपपत्रात १०५ आहे. मात्र त्याला अटकपूर्व जामीन मिळाला. आमच्या वकिलांनी विरोध केला, न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तरी दिला. पासपोर्ट जमा, दर रविवारी ठाण्यात हजेरी, साक्षीदारांच्या आसपास फिरकायचं नाही. मला वाटलं होतं त्या दिवशी मी कोसळेन. पण बाहेर येऊन मी आधी विचारलं की १०५ राहिलंय ना. राहिलंय.

वहिनीने प्रतिज्ञापत्र दिलं नाही. दावा लावलाय.

परवा सत्र न्यायालयात पहिली तारीख होती. आत्या हट्टाने आली. बाहेरच्या बाकावर जागा नव्हती. तिला बघून एक मुलगा उठला, "बसा काकू" म्हणाला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. आत्या बसली. त्याला म्हणाली, "सुखी राहा." पुकारा झाला तेव्हा तोच पुढे गेला.

आत्याने मला विचारलं, "हा कुणाचा गं?" मी सांगितलं.

---

फौजदारी_फाटा | १९ एप्रिल, २३:१०

रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीची, नक्कल काढून ठेवा. रखवालदार अजून तिथेच नोकरीला आहे का, तेही बघा. पुढची तारीख?

---

आभा_स | १९ एप्रिल, २३:१४

१२ जून. आत्या येणार म्हणतेय.